पानं पाहायला

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं सोनं म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवायची, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सोनं सुपलीत भरून घंटागाडीत टाकायचं, एवढाच आम्हा अकोलेकरांचा शरद ऋतूतल्या पानांशी संबंध. त्यापलीकडे झाडाचं पान ही पाहण्याची वस्तू आहे असं जठारपेठेत कुणी मानत नाही. पान खातात, पानावर जेवतात, दाराला तोरण म्हणून बांधतात आणि उरलेलं झाडून काढतात.

दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत आमच्या भागात भेटेल तो माणूस एकच विचारतो, "मंग, सुट्ट्याईत कुठी?" या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. तिरुपती चालतं. गोवा चालतं, पण जरा हळू आवाजात. पुण्याच्या मुलाकडे, हे तर सर्वमान्य, कारण वऱ्हाडातल्या कुठल्या घरातलं पोरगं पुण्यात नाही? दिवाळीतलं ट्रॅव्हल्सचं भाडं हा त्यावर अर्धा तास चालणारा पोटविषय. काहीच ठरलेलं नसेल तर "कुठी नाई बाप्पा, घरीच" असं म्हणून चिवड्याची बशी पुढे करता येते. "पानं पाहायला चाललो" हे उत्तर या यादीत बसत नाही. मी ते समोरच्या काकांना दिलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "इड्याची काय? ते तं अंजनगावले भेटते."

या प्रकरणाचं मूळ बॉस्टनला आहे. हिची भाची तिकडे असते. ऑक्टोबर लागला की फॅमिली ग्रुपवर तिचे फोटो सुरू होतात. न्यू हॅम्पशायरचा नाहीतर व्हरमाँटचा डोंगर, त्यावर शेंदरी, केशरी, हळदी, मध्येच एकदम लालभडक झाडं, आणि पुढे हात पसरून उभा असलेला जावई. एरवी सुप्रभातच्या गुलाबांना सवयीनं हात जोडणारी मंडळी या फोटोंपाशी मात्र थांबतात. पहिल्या वर्षी आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेऊन तो डोंगर नीट निरखला. "अवं माय," ती म्हणाली, "सारे झाडं वाळून रायले. पाणी नाई देत काय वं तिकडे?"

आत्याचा जन्म या जिल्ह्यात गेलेला. मे २०२० मध्ये पारा ४७ च्या पुढे गेला तेव्हाही ती दुपारी माठ भरायला अंगणात गेली होती. तिच्या हिशेबी पानानं हिरवा रंग सोडला याचा अर्थ एकच, मुळाशी पाणी नाही. आणि आमच्या मुलखापुरतं हे शंभर टक्के खरं आहे.

तिकडच्या झाडांना धास्ती असते ती थंडीची. दिवस आखूड होऊ लागले की मेपल, बर्च ही झाडं आवरायला घेतात. पानातलं हरितद्रव्य मोडायचं, त्यातलं जे कामाचं ते फांदीत परत ओढून घ्यायचं. हिरवा उतरला की त्याखाली उन्हाळाभर दडलेला पिवळा आणि केशरी उघडा पडतो. तो नवा नसतो, आधीपासून तिथंच असतो. लाल मात्र नव्यानं तयार होतो. पानाच्या देठाशी बूच बसत जातं, पानात झालेली साखर आतच अडकते, आणि दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा असा जोड जमला की त्या साखरेतून अँथोसायनिन नावाचा रंग तयार होतो. शुगर मेपल यात सर्वांच्या पुढे. दोन आठवड्यांनी जे पान गळणारच आहे त्याच्यावर झाड एवढा खर्च का करतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आमच्या घरीही नाही. ही म्हणते हौस, मी म्हणतो शिल्लक साखर.

या दोन आठवड्यांवर न्यू इंग्लंडात हॉटेलं चालतात. कुठल्या खोऱ्यात किती रंग चढला याचे नकाशे सप्टेंबरपासूनच निघू लागतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला डोंगरातले रस्ते तुंबतात. जपानमध्येही पानं कुठं कधी लाल होणार याचा अंदाज दर वर्षी जाहीर होतो आणि लोक त्याप्रमाणे रजा टाकतात. आमच्याकडे ऑक्टोबरात माणूस वर पाहतो तो सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीवर पाऊस येतो की काय म्हणून.

तर अशा फोटोंची काही वर्षं गेल्यावर एका दसऱ्याला हिनं जाहीर केलं की आपणही पानं पाहायची. अमेरिकेचा प्रश्नच नव्हता. मधल्या पायरीवर काश्मीर आलं. तिथं चिनार ऑक्टोबरच्या शेवटापासून तांबडे होतात, त्या ऋतूला ते हरूद म्हणतात, आणि काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली नसीम बाग त्या दिवसांत चिनारांच्या पानांनी झाकून जाते, ही माहिती मुलीनं जेवताना वाचून दाखवली. त्यानंतर ही वही आणि पेन घेऊन बसली. माणशी विमान, गुणिले पाच, अधिक हाउसबोट, अधिक आत्याचा कोट. आत्या म्हणाली, मी कोट घालणार नाही. मग वही मिटली आणि कुणीतरी म्हणालं, डोंगरच पाहिजे ना? चिखलदऱ्यात काय कमी आहे?

अकोल्याच्या माणसाला डोंगर म्हणजे चिखलदरा. शाळेची सहल तिथं, लग्नानंतरची पहिली सहल तिथं, आणि पुण्याहून आलेल्या सुनेला "आमच्याकडेही हिल स्टेशन आहे" हे दाखवायलाही तिथंच. उंची १,११८ मीटर. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं १८२३ साली ते शोधलं असं लिहितात. म्हणजे त्याच्या आधी तिथं राहणारे कोरकू आणि गवळी बिचारे कुठं राहत होते हे त्यांना ठाऊक नसणार. त्याहून जुना हक्क भीमाचा. त्यानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, भीमकुंडात हात धुतले आणि तो निघून गेला. गावाचं नावही कीचकावरून आलं म्हणतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते तीही इथंच, हे चिखलदऱ्याला जाणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगतो आणि मग चहा मागवतो.

सागाचं जंगल ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल होत नाही हे मला माहीत होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी धारणीला होतो आणि मेळघाट बाराही महिने पाहिला आहे. पण कित्येक वर्षांनी घरात सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं असताना मध्येच वनस्पतिशास्त्र काढायचं नसतं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि वर. हा रस्ता मला आवडतो, कारण तो सपाट वऱ्हाड पुरता दाखवून मग डोंगर दाखवतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या पाठीला ओटे बांधलेले. अकोट आलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते आणि गाडीतलं प्रत्येक माणूस ती इतरांना दाखवतं. पूर्वी अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी या रेघेतच शिरायची. धुळघाटला रूळ चढ चढण्यासाठी गोल वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायचे आणि डब्यातली पोरं आपलीच मागची वाट खाली पाहून ओरडायची. २०१७ साली तो मार्ग बंद झाला. अकोटपर्यंत आता ब्रॉडगेज आली आहे. पुढे वाघाच्या जंगलातून नेऊ नये, बाहेरून न्यावी, यावर बरीच वर्षं भांडण चाललं. वाघाची बाजू बरोबर आहे असं माझं मत आहे, पण वळशाची आठवण काही जात नाही.

अंजनगावला थांबणं भागच होतं. काकांनी सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. इथले विड्याच्या पानांचे मळे जुने आणि नावाजलेले. आत्यानं पानं निवडून घेतली, ओल्या फडक्यात बांधली आणि सीटवर मागे टेकून बसली. तिच्या दृष्टीनं सहलीचं काम झालं होतं.

मी मात्र मुलांना इतिहास सांगायचं ठरवलं, कारण आमच्या सहलीचा रस्ता आणि आर्थर वेलस्लीचा रस्ता एकच. अकोटच्या पलीकडे अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्यानं भोसले आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत नेल्या, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला अंजनगाव-सुर्जीला शिंद्यांशी तह झाला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच. "त्याले किती दिवस लागले वर पोचाले?" आत्यानं विचारलं. मी म्हटलं, अडगावपासून गड पडेपर्यंत सोळा. "आपल्याले बी लागतीन," ती म्हणाली, कारण परतवाड्याच्या बाजारात ही संत्र्यांचा भाव करायला उतरली होती आणि आंबिया बहाराची संत्री गोड की मृगाची, यावर दुकानदाराशी तिचा वाद रंगला होता.

घाट लागला आणि गाडीत शांतता पसरली. ऊन तिरपं होतं, पावसाळ्यानं धुतलेलं हिरवं अजून टिकून होतं, रस्त्याकडेला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे होते. गवत मात्र पिकलं होतं. डोंगराच्या उघड्या सोंडा कमरेएवढ्या गवतानं सोनेरी झाल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर त्या सोंडेवरून तेज सरकत जात होतं. खरं सांगायचं तर दिवाळीतल्या सातपुड्याचा रंग म्हणजे हे गवत. पण गवत पाहायला कुणी निघालेलं नव्हतं.

एका वळणावर मुलगी ओरडली, "ते बघा! लाल!"

समोरची अख्खी उतरण तपकिरी-तांबूस होती. हिरव्या डोंगरात हा एक पट्टा असा वेगळा दिसत होता की मीही क्षणभर गप्प झालो. गाडी बाजूला घेतली. फोटो निघाले. हिनं तर साडीचा रंग जुळतो म्हणून तीन बाजूंनी काढवून घेतले आणि तिथूनच, नेटवर्कची एक काडी होती तेवढ्यात, बॉस्टनला पाठवले. मी रस्त्यालगतच्या सागाचं एक पान ओढून पाहिलं. ते पान नव्हतंच, पानाची जाळी होती. शिरा तेवढ्या शाबूत, मधला हिरवा गर बारकाईनं खाऊन टाकलेला. पलीकडचा माणूस आरपार दिसावा इतकी सफाई.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक वनरक्षक आला. आमचा आनंदसोहळा पाहून थांबला. "काय पाहून रायले?"

"पानं," मुलगी म्हणाली. "पिकलेली."

"ते पिकले नाई ताई. अळीनं खाल्ले."

मग त्यानं गाडी स्टँडला लावली आणि सांगू लागला, आणि ते ऐकण्यासारखं होतं. सागाच्या दोन मुख्य अळ्या. एक पावसाच्या सुरुवातीला येते आणि कोवळी पानं अख्खी फस्त करते. तिच्यामुळे झाडाची वाढ खुंटते. दुसरी पाऊस सरताना येते, जुन्या पानांचा गर खाते आणि शिरा सोडून देते. हिचं पीक आलं की डोंगरच्या डोंगर असे करपल्यागत दिसतात, पण झाडाचं फार बिघडत नाही, कारण पानाचं वर्षाचं काम तोवर उरकत आलेलं असतं. पर्यटक दर वर्षी या वळणावर थांबतात, तो म्हणाला. काही विचारतात जंगलाला आग लागली होती काय. पिकलं म्हणणारे आम्ही पहिलेच.

हिनं एकदा फोनकडे पाहिलं. फोटो पोचले होते. भाचीचा निरोपही आला होता, खूप बदाम डोळ्यांत असलेल्या चेहऱ्यासह. अळीबद्दल तिला अजून कुणी कळवलेलं नाही.

वनरक्षकानं जाता जाता मुलांना एक गंमत दाखवली. सागाच्या शेंड्याचं कोवळं पान घेतलं, तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं चोळायला सांगितलं. दोन्ही मुलांचे तळवे मेंदी लावल्यागत लालचुटूक झाले. पानात नाही, पण पानाच्या आत लाल होता तर. तो साबणानं लवकर जात नाही, हे रात्री कळलं.

वर पोचल्यावरचं फार सांगण्यासारखं नाही. चिखलदरा सगळ्यांनी पाहिलेला आहे. प्रत्येक पॉइंटवर दरीकडे पाठ करून उभी असलेली माणसं. पंचबोलला आपला आवाज दरी पाच वेळा परत करते म्हणतात. तिथं एका वेळी वीस कुटुंबं ओरडत असल्यानं कुणाचा आवाज कुणाला परत मिळाला हे सांगता येत नव्हतं. गाविलगडाच्या दरवाजापाशी मी वेलस्ली पुन्हा सुरू करणार होतो, पण श्रोते सीताफळाच्या टोपलीकडे गेले होते. रात्री थंडी पडली. अकोल्यात अजून पंखा लागत होता आणि इथं आत्यानं, कोट घालणार नाही म्हणणाऱ्या आत्यानं, माझा स्वेटर घालून वर शाल घेतली होती. आणि मग रबडी आली. चिखलदऱ्याचा खवा आणि रबडी ही गवळ्यांची कमाई. रानात चरणाऱ्या म्हशी, दाट दूध, मोठी कढई, आणि तिच्यापाशी बसलेला घाई नसलेला माणूस. आम्ही पहिली वाटी उभ्यानं खाल्ली आणि दुसरी बसून. त्या रात्री पानांचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना तोच वनरक्षक पुन्हा भेटला. मी गाडी थांबवली. त्यानं काच खाली घ्यायला लावून मुलीला म्हटलं, "ताई, रंग पाहाचे असन तं फागुनात या. पण तुम्ही लोक येता कुठी तवा? तवा तुमच्या पोराईचे पेपर रायते."

हे अगदी नेमकं होतं. आमच्या डोंगरांना रंग नाही असं नाही. तो सुट्टीच्या वेळापत्रकात बसत नाही. धारणीला असताना मी तो दर वर्षी पाहत असे, तोही परतवाडा-सेमाडोह-हरिसाल या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून, फुकट. सुरुवात धावडा करतो. जानेवारीत त्याची बारीक पानं तांब्याच्या भांड्याच्या रंगावर जातात आणि एकेक टेकडी तांबूस होते. मोवईची पिवळी पडून गळतात. साग सगळ्यात आवाज करून गळतो; पानं पत्रावळीएवढी, वाळली की कडक, आणि जंगलातून ससा पळाला तरी अस्वल आल्याचा भास. फेब्रुवारी संपेतो रान उघडं पडतं, लांबवरचं दिसू लागतं. कहांडळीची गोरी खोडं उन्हात चमकतात, सालईच्या सालीचे पापुद्रे उडत असतात. शंभराहून जास्त वर्षं नाहीसा झाला असं समजलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो याच सातपुड्यातला, मेळघाटातही आहे. भरदिवसा बसलेला तो पाहायचा तर सागानं पानं टाकल्यावरचे हे दिवस चांगले.

आत्याचं निदान इथं लागू पडतं. आमची झाडं पानं टाकतात ती तहानेपायी. मार्च एंडिंगला हिशेबनीसानं नको ते सगळे खर्च छाटावेत तसं झाड आधी पानं कमी करतं, कारण पानातूनच पाणी उडतं. पानं गेली की खोडात थोडं पाणी साचतं. आणि मग जे होतं ते मला अजूनही उलटं वाटतं. पाऊस यायला तीन महिने आहेत, विहिरींनी तळ गाठलाय, ऊन वाढतंय, आणि त्याच वेळी साठवलेल्या तेवढ्या ओलीवर झाडं नवी पालवी काढतात. कुसुमाचं झाड मार्चमध्ये असं पेटतं की पळस फुललाय की काय असं वाटावं, पण जवळ जाऊन पाहावं तर फूल एकही नाही, सगळी कोवळी पानं. मोहाची पालवी तांबूस, पिंपळाची गुलाबी तांबूस. कोवळ्या पानातला हा लाल म्हणजे पुन्हा तोच अँथोसायनिन, व्हरमाँटमधला. कोवळ्या पानाला उन्हापासून आणि किड्यांपासून तो वाचवतो असं मानतात. तिकडे पान जाताना लाल होतं, इकडे येताना. दुर्गाबाईंनी 'ऋतुचक्र' चैत्रापासून सुरू केलं ते उगाच नाही.

त्यात होळी येते. मेळघाटात कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. पुढचे चार-पाच दिवस रस्त्यावर बाया-माणसं नाचत गाड्या अडवतात आणि फगवा मागतात. एसटीतले आम्ही नोकरदार खिशात सुटे पैसे घेऊनच बसायचो. मोहाची फुलं पडायला लागलेली असतात, पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली. जंगल खात्याची माणसं मात्र याच दिवसांत झोपत नाहीत. वाळल्या पानांचा थर घोट्याएवढा, एक विडी पुरते. त्यामुळे फेब्रुवारीपासून जाळरेषा काढायचं, पानं बाजूला सारून मोकळे पट्टे ठेवायचं काम चालतं. म्हणजे मेळघाटातही शेवटी पानं झाडतातच. १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून ती शास्त्रशुद्ध झाडतात, इतकंच.

घरी आल्यावर या सगळ्याचा एक परिणाम झाला. समोरच्या काकांच्या कुंपणात एक बदामाचं झाड आहे. खायच्या बदामाचं नव्हे, त्याचं नाव तेवढं बदाम. समुद्रकाठचं झाड, सावली दाट म्हणून गावोगाव लावलेलं. झाड त्यांचं, पानं आमची, कारण वारा पश्चिमेचा. या विषयावर दोन्ही घरांत जुना तह आहे, अंजनगावच्या तहाइतकाच एका बाजूला झुकलेला: फळं पडली तर त्यांची मुलं येऊन वेचणार, पानं पडली तर आमची ही खराटा घेणार. त्या जानेवारीत एका सकाळी ही खराटा हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभी दिसली. बदाम पुरता लाल झाला होता. शेंदरी, किरमिजी, काही पानांवर मध्ये पिवळा पट्टा. तो दर वर्षी होतो, कधी कधी वर्षातून दोनदा. हिनं चार पानं उचलली, ओसरीच्या पायरीवर मांडली आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला.

बॉस्टनहून लगेच विचारणा झाली. "मावशी, किती सुंदर! कुठं गेला होतात?"

"अंगणात," हिनं लिहिलं. मग पानं झाडली, कारण पाणी यायची वेळ झाली होती.

सध्या घरात मार्चच्या बेताची चर्चा आहे. अडचणी वनरक्षकानं सांगितल्या त्याच. मुलाची दहावी. माझं वर्षअखेर. ऊन चाळिशीला टेकलेलं असणार, म्हणजे पहाटे चारला निघून दहाच्या आत पाहायचं ते पाहून घ्यायचं, दुपार कुठल्या तरी झाडाखाली काढायची, आणि त्या दिवसांत सावली देणारं झाड मेळघाटात शोधायचं कसं हा वेगळाच प्रश्न. आत्या म्हणते टरबूज, पन्हं आणि ओला पंचा बरोबर असला की माणूस कुठंही जाऊ शकतो. मुलगी म्हणते कुसुमाखाली उभं राहून फोटो काढायचे. हिनं यादी करायला घेतली आहे: बर्फाचा डबा, टोप्या, फगव्यासाठी सुटे पैसे, गवताची कुसळं लागू नयेत म्हणून जाड पँट. शेवटच्या पेपरनंतरचा रविवार जवळपास नक्की झाला आहे.

गाडीत एक जागा शिल्लक होती म्हणून काल समोरच्या काकांना विचारलं. या वेळी त्यांनी विड्याचा विषय काढला नाही. बदामाकडे एकदा पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "येतो ना. पण एक सांगा, मार्चात रबडी भेटते ना वर?"